मधल्या पाण्यात

वेळ काढा, असं पत्रात होतं.
चाळीस तास, सहा भाग, शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट.
वेळ काढा. जणू तो कणगीत भरून ठेवलाय
आणि एदुविना चिग्वायनं फक्त झाकण उघडायचंय.

बेटावरच्या शाळेत बाई एकटीच.
अकरा मुलं, पहिली ते सहावी, एका खोलीत,
आणि एक लोखंडी शेगडी, सातव्या इयत्तेसारखी:
सरपण ओलं असलं की रुसते,
आणि चिलोएत सरपण ओलंच असतं.
शाळा सुटली की कुलूप, वह्या, मेंढ्या,
मग आई,
जिला दिवस कुठे संपतो ते आता कळत नाही
आणि जी पहाटे तीनला विचारते, जेवलीस का गं?

रेंज शाळेत नाही. घरी नाही.
चर्चच्या पायरीवर कधी एखादी काडी, तीही वाऱ्याच्या मर्जीनं.
पण शुक्रवारी दुपारची लाँच
बेट सोडून मोठ्या गावाकडे निघते,
तेव्हा मधल्या पाण्यात,
ती कुठल्याच काठाची नसताना,
फोनला चार काड्या येतात.
बारा मिनिटं.

मी पाहुणी, जांभळ्या बटाट्यांच्या पोत्यावर बसलेले.
समोर एका म्हाताऱ्याच्या कोटात कोकरू.
शेजारी एदुविना, मांडीवर टॅबलेट,
पावसाचे थेंब लागू नयेत म्हणून पावाच्या पिशवीत घातलेला,
पिशवीवरूनच बोट फिरवत.
पडद्यावर राजधानीतला एक टापटीप मुलगा म्हणाला,
आज आपण पाहू, शिक्षकांसाठी वेळेचं नियोजन,
आणि तोंड उघडं ठेवून थिजला.

"जूनपासून असाच अडकतो," ती म्हणाली.
"त्यालाही वेळ मिळत नाहीये."

मी हसले. ती हसली नाही.
"मला खरं तर पाचवा भाग हवाय.
आपण बोललेलं पडद्यावर आपोआप लिहिलं जातं,
ते कसं करायचं ते त्यात आहे.
येर्कोला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं अर्धंमुर्धं.
तो माझ्या ओठांवरून भूगोल शिकतो.
मी फळ्याकडे वळले
की त्याच्यापुरते सगळे देश बुडतात."

त्या दिवशी तो मुलगा शेवटपर्यंत बोलला.
मग परीक्षा. वीस मिनिटं, मध्ये थांबायची सोय नाही.
आणि आमच्याकडे पाणी उरलं होतं सहा मिनिटांचं.

दोन बेलार्मिनोनं इंजिन बंद केलं.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
कुणी काही विचारलंही नाही.
प्रवाह आम्हाला रेटत होता,
तो मधूनच इंजिनाला एक ठुसका देई
आणि लाँच पुन्हा त्या चार काड्यांखाली आणून धरी.
मातेचं भांडं या हातातून त्या हातात गेलं.
जिला बस गाठायची होती त्या बाईनं घड्याळ पाहिलं
आणि बाही खाली ओढली.

ज्या भाषेत मी हे लिहितेय
तिच्यात वेळेची एक पणजी आहे, वेला:
तिचा अर्थ घटका, आणि भरती, आणि किनारा.
मला तो शब्द कोशातला वाटायचा.
त्या दिवशी तो बुडाखाली हलत होता.

शेवटचा प्रश्न गुणांचा नव्हता.
हा भाग आपण कुठे पूर्ण केलात?
शाळा. घर. वाचनालय.
एदुविनानं मान वर केली.
"दोन बेलार्मिनो, आपण आत्ता कुठे आहोत?"
त्यानं खांदे उडवले.
तिनं घर दाबलं.

बस चुकली. सगळ्यांचीच.
धक्क्यावरच्या पत्र्याखाली आम्ही दाटीवाटीनं उभे,
कोकरू ओरडत होतं,
त्या बाईनं कुणालाही बोल लावला नाही,
पण बोललीही नाही कुणाशी.
अजून तीन भाग, आणि शुक्रवार दोनच.

पुढची बस पन्नास मिनिटांनी.
एदुविनानं पोटाशी धरलेल्या पिशवीतून
अकरा वह्या काढल्या,
पेनाचं टोपण दातात धरलं.
"बघा," ती म्हणाली, "निघाला की नाही वेळ."